फोनवर वाढवलेला हक्क

लोर्ना हॉगनने पूर्व ओरेगनमधल्या एका छोट्या वीज सहकारी संस्थेच्या नियंत्रण कक्षात सव्वीस वर्षं फोन घेतले. तिथली शिस्त एकच: समोरचा जे सांगेल ते त्यालाच परत म्हणून दाखवायचं आणि त्याने ‘बरोबर’ म्हटलं की मगच हात हलवायचा. ऐकण्यात चूक झाली तर तारेवरचा माणूस जातो. घरीसुद्धा नवरा म्हणाला, “मीठ दे,” की ही म्हणे, “मीठ देते.” “बरोबर, बाई, बरोबर!” तो करवादे.

गावाची वीज शेजारच्या मोठ्या कंपनीच्या तारांवरून यायची. त्या तारा वापरायचा हक्क दर पाच वर्षांनी लेखी कळवून वाढवावा लागे. लोर्ना आणि कंपनीच्या नियंत्रण कक्षातला मर्ल स्टबलफील्ड ते आधी फोनवर ठरवत, मागून संस्थेचं पत्र जाई. या खेपेला पत्र गेलंच नाही. व्यवस्थापक रॉस म्हणाले, “मला वाटलं, तू कळवलंस म्हणजे झालं!” कंपनीने तारांवरची ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली. आता हक्क गेला तर जुलैत बटाट्याच्या शेतांवरचे पंप बंद.

संस्था कोर्टात गेली. सुनावणीत कंपनीच्या वकिलाने विचारलं, “हॉगनबाई, पत्र पाठवलंत?”

“पत्र पाठवलं का, असं विचारताय.”

“हो!”

“नाही.”

“मग हक्क वाढला कसा?”

“हक्क वाढला कसा, असं—”

“माझंच बोलणं मला कशाला ऐकवता?”

“नंतर कुणी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणू नये म्हणून.”

लोक हसले. रॉसनी कपाळाला हात लावला.

मग मर्लला बोलावलं. महिनाभर त्याने लोर्नाचा फोन उचलला नव्हता. ती त्याच्याकडे बघेना.

“पाच वर्षं, तीस मेगावॉट,” मर्ल म्हणाला. “तिने सांगितलं, मी परत म्हटलं आणि कंपनीच्या नोंदवहीत लिहिलं. न लिहिता आम्ही फोन ठेवत नाही.”

पहिल्या रांगेतले त्याचे साहेब लालबुंद झाले. न्यायाधीशबाईंनी वही मागवली, वाचली आणि हुकूम दिला: अंतिम निकालापर्यंत हक्क चालू, संस्थेने दहा दिवसांत पत्र द्यावं.

बाहेर रॉस म्हणाले, “सोमवारी पाठवू.”

“सोमवारी?” लोर्नाने त्यांच्या हातातली फाईल ओढली, बाकावर बसून पत्राच्या चार ओळी खरडल्या. “करा सही. आणि आधी वाचा!”

सही झाली तशी ती गाडीकडे निघालेल्या कंपनीच्या वकिलामागे धावली. “थांबा हो! हे घ्या. आणि मिळालं म्हणून इथे लिहून द्या, वेळेसकट.”