केळीच्या चेंबरमधली लाल गाडी

"साहेब, तिथं खाली काय चाचपताय? रंग बघा ना, रंग! आरसा आहे नुस्ता."

प्रल्हादशेठ हे म्हणाले आणि त्याच वेळी माझी दोन बोटं त्यांच्या लाल स्पोर्ट्‌स कारच्या पत्र्यातून आरपार गेली. मी जोर लावला नव्हता, देवाशप्पथ. जॅक कुठे लावावा म्हणून दाराखाली हात फिरवत होतो. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावीत तशी बोटं आत गेली. हात बाहेर काढला तर बोटांना तांबडा भुगा. मी तो शेठना दाखवला नाही. मलाच आधी दम घ्यायचा होता.

मी मोटर सर्व्हेअर. म्हणजे अपघात झाला की गाडी बघायची आणि काय मोडलं, का मोडलं, दुरुस्त होईल की नाही हे विमा कंपनीला सांगायचं. लोक मला गाड्यांचा डॉक्टर म्हणतात. साफ चूक. डॉक्टरकडे पेशंट जिवंत येतो. अधूनमधून मी खासगी तपासण्याही करतो, गाडी ठेवावी की काढावी असं कुणी विचारलं तर. प्रल्हादशेठ त्यासाठीच बायकोला घेऊन आले होते. खरं म्हणजे बायकोच त्यांना घेऊन आली होती, कारण गाडी तीच चालवते.

शेठ आमच्या बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचे केळीचे व्यापारी. स्वतःची बागायत आहे, शिवाय केळी पिकवायचे चेंबर आहेत. एका चांगल्या हंगामानंतर त्यांनी बायकोला, सुमनताईंना, विचारलं, काय करू तुला, पाटल्या की हार? ताई म्हणाल्या, सोनं नको, ती इंदूरच्या डॉक्टरची छत उघडणारी गाडी विकायला आहे, ती घ्या. शेठना वाटलं मस्करी आहे. ताई चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकल्या आणि डोक्यावर पदर, डोळ्यांवर गॉगल अशा ती दोन सीटची गाडी इतवारा बाजारातून न्यायला लागल्या. सराफ तराजू तसाच धरून बघत राहायचे. बोलणारे बोलले. ताईंनी आरसा नीट केला आणि गिअर टाकला.

आता भांडण असं होतं. शेठ म्हणत, "हिच्यात बसायचं म्हणजे बैठका मारायच्या. सामान मावत नाही. घाटात ट्रकवाल्याला दिसत पण नाही. बडी गाडी घेऊ." ताई म्हणत, "बडी गाडी तुम्ही घ्या. माझी राहील." शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मी बोलेन ते फायनल.

"पण लवकर बघा, भाऊ," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी नातीला, परीला, इंदूरला सोडायचंय. होस्टेलला. छत उघडून नेईन म्हणून कबूल केलंय तिला."

उद्या सकाळी. नात. घाट.

मी राजूला हाक मारली. वर्कशॉप राजूचं, लिफ्टही त्याचीच. "चारही बाजू नीट बघून उचल," मी म्हटलं, "दाराखाली टेकू देऊ नको." गाडी वर गेली. खालून सगळं काळंभोर, छान दिसत होतं. कधीतरी कुणीतरी डांबरासारखं कोटिंग मारलेलं होतं. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. पत्रा टण् वाजला पाहिजे. हा भद् वाजला. कोटिंगचा एक तुकडा निघाला आणि त्याच्याबरोबर पत्राच खाली आला. वर गालिचा दिसला. गाडीच्या आतला गालिचा, खालून!

"अरे बापरे," राजू म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

इथे थोडं समजून घ्या. साध्या गाडीला छत असतं, खांब असतात, जोर सगळीकडे वाटला जातो. छत नसलेल्या गाडीत तो सगळा जोर दाराखालच्या पोकळ पट्टीवर येतो. तिला सिल म्हणतात. सिल हाच गाडीचा कणा. या गाडीच्या दोन्ही बाजूंचा कणा भुगा झाला होता. नुसता रंगाच्या सालीवर उभा होता म्हणा ना. खड्ड्यात दणका बसला असता तर गाडी मधोमध दुमडली असती.

मी गाडी खाली घ्यायला लावली आणि ताईंना म्हटलं, "जरा इकडे या." ड्रायव्हरच्या सीटमागे दोन्ही हात घातले आणि ओढलं. अख्खी सीट पुढे कलंडली. तिचे मागचे बोल्ट ज्या पत्र्याला धरून होते तो पत्राच राहिला नव्हता. मग बाजूची सीट ओढली. तीही तशीच.

ताई एकदम माझ्यावरच उखडल्या. "तुम्ही जोरात ओढली म्हणून निघाली! काल मी निंबोल्याला जाऊन आले हिच्यातून. माहेरी. काही आवाज नाही, काही नाही!"

"ताई, काल तुम्ही गालिच्यावर बसून गेलात."

त्या मटकन जुन्या टायरवर बसल्या. "परीला बसवणार होते मी तिथं," म्हणाल्या. "बेल्ट लावून बसवणार होते."

बेल्टची एक बाजू त्या सीटलाच अडकवलेली असते.

आता मला चीड आली होती. आपल्याकडे गाड्या अशा सडत नाहीत हो! उन्हाने रबर जातं, रंग उडतो, डॅशबोर्ड तडकतो. गंज धरायला इथे ओल आहे कुठे? असा गंज मी समुद्रकाठच्या गाड्यांना पाहिलाय. आणि इथे उलटं होतं, रंग नवा कोरा आणि पोट सडलेलं. बुऱ्हाणपुरात समुद्र कुठून आला?

"शेठ, ही गाडी उभी कुठे असते?"

शेठचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ते वाटच बघत होते. "साहेब, धूळ नाही, धूप नाही. कोपऱ्यातलं छोटं चेंबर दिलंय तिला. एकदम थंडा."

"केळीचं चेंबर?"

"मग! माणसं उकाड्यात मरतात, ही एसीत झोपते."

"बंद चेंबर ना? फवाऱ्याचा फॉगर बंद?"

"बंद कशाला? चालूच ठेवतो. साल काळी पडू नये म्हणून."

"साल? कुणाची साल?"

मी तसाच त्यांच्या जीपमधून बहादरपूरला गेलो. ताईही आल्या. शेठनी चेंबरचं जाड दार ओढलं आणि आतून थंड धुकं अंगावर आलं. माझा चष्मा पांढरा झाला. पुसून बघतो तर भिंतींवरून पाणी ओघळतंय, जमीन ओली, आणि मधोमध गाडीपुरती जागा. कोपऱ्यात लिंबू-मिरची टांगलेली.

केळी पिकवताना खोलीत थंडावा लागतो आणि भरपूर दमट हवा लागते. हवा कोरडी झाली की साल सुरकुतते, काळवंडते, भाव पडतो. म्हणून पाण्याचा बारीक फवारा सोडतात, तोच फॉगर. शेठचं आयुष्य या एका गोष्टीवर उभं राहिलं होतं. त्यांनी विचार केला, जे केळीच्या सालीला चांगलं ते गाडीच्या रंगाला चांगलं. आणि गंमत बघा, रंगाबाबत माणूस बरोबर निघाला! पण गरम इंजिनाची गाडी रोज त्या गारठ्यात शिरायची, फवाऱ्यात भिजायची. बंद सिलमध्ये शिरलेली ओल बाहेर पडणार कुठून? ती आत बसून वर्षानुवर्षं पत्रा खात राहिली.

मी हे सगळं सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं. शेठ ऐकत होते. त्यांनी हात लांब करून फॉगरचं बटण बंद केलं. मग त्याच हाताकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी मीच चालू करायचो. माझ्या हातानं."

ताई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही तर तिला डबडं म्हणता. चेंबर पण म्हणाला होतात खराब आहे, केळी घालता येत नाही म्हणून रिकामं आहे."

"खराब कुठलं? सगळ्यात चांगलं तेच आहे." शेठ म्हणाले. "तुझी गाडी आहे ना ती. उन्हात कशी ठेवू? सुमन, तुला काही झालं असतं तर... परीला..." आणि तो धिप्पाड माणूस त्या ओल्या चेंबरमध्ये तोंड झाकून रडायला लागला. मला कुठे बघावं कळेना. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

माझा निकाल मी तिथेच दिला. गाडी आता रस्त्यावर येणार नाही, एक मीटरसुद्धा. वेल्डिंगचे तुकडे लावून कणा उभा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी परी जीपमधून इंदूरला गेली. छत नाही, काही नाही. फुरंगटून बसली होती म्हणे. बसू दे.

आठवड्याभरात शेठचा फोन. आवाज दबका. "साहेब, पुण्याचा एक माणूस फोटो बघून वेडा झालाय. बघायला पण येत नाही, डायरेक्ट उचलतो म्हणतो. काय करू?"

मी उत्तर देणार तोच फोन ताईंनी घेतला असावा. "भाऊ, तुम्ही काही बोलू नका. त्याच्या घरी पण कुणी परी असेल." मग नवऱ्याला म्हणाल्या, तेही मला ऐकू आलं. "आणि तुम्ही हो! घड घेताना कधी सालीला भुलला नाहीत. देठ बघता, दाबून बघता, कापून बघता. गाडीची मात्र नुसती साल बघत बसलात."

गाडी राजूच्या आवारात गॅस कटरने कापली. ताई आल्या नाहीत. शेठ आले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. दरवाजे निघाले तेव्हा मधला भाग स्वतःच्या वजनाने दुमडला, कटर लागायच्या आधीच. शेठनी माझं मनगट घट्ट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

नवी गाडी आली. बडी नाही. पुन्हा दोन सीटचीच, पुन्हा छत उघडणारी, आणि या वेळी हट्ट शेठचा होता. ती उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. धूळ बसते, ऊन लागतं, बॉनेटचा रंग आताच फिका पडलाय. शेठ रोज सकाळी गमछाने पुसतात आणि शिव्या देतात. कोपऱ्यातल्या चेंबरमध्ये आता केळी पिकतात.

माझ्याकडे आजही लोक येतात. "साहेब, ठेवू की काढू?" म्हणत आधी रंग दाखवतात. मी म्हणतो, रंग नंतर. आधी सांगा, तिच्यावर जीव कुणाचा आहे, आणि तो माणूस तिला ठेवतो कुठे?