तळ्यावरचा कोळी

मी चौथी शिकलेली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं माझं मलाच कळत नाही, तेवढं माफ असावं. पण आमच्या थोरल्या दिरांबद्दल लिहून ठेवायलाच हवं. पक्ष्यांवर इतका जीव असलेला आणि पक्ष्यांना इतका नकोसा झालेला माणूस अख्ख्या बंगळूरात दुसरा नसेल.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हातभर लांबीचा कॅमेरा घेतला. तेव्हापासून थंडीत दर रविवारी सकाळी तळं. कॅमेरा आला त्याच आठवड्यात जाऊबाईंचे गुडघे दुखू लागले, म्हणून डबा आणि तिपाई घेऊन मागे मी. पक्षी बिथरू नयेत म्हणून दीर पानांच्या रंगाचा सदरा घालतात आणि त्यात उभे राहून सगळं तळं दणाणेल असे शिंकतात. फोटोत बहुतेक शेपट्याच येतात. "जाणकाराला शेपटी पुरते," असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षं इथे काढून कन्नड मात्र तीनच शब्दांचं, स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं आणि होगु म्हणजे जा.

या हिवाळ्यात त्यांना जांभळी पाणकोंबडी हवी होती. तळ्यातला गाळ काढायचं ठरलं होतं. पाणगवत गेलं की तीही जाणार. चार रविवार रिकामे गेले. पाचव्या रविवारी तळ्याचा राखणदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "सार, अल्ली कोळी इदे."

"कोळी? इथे जाळं टाकतोय?" दीर ताडकन उठले आणि बांधावरून ओरडले, "ए कोळी, होगु, होगु. पोलीस बोलवीन." गवतातून जांभळं काहीतरी फडफडत उठलं आणि दिसेनासं झालं. राखणदाराने कपाळाला हात लावला.

कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी. तिथे कोंबडी आहे, एवढंच तो सांगत होता. चिकनच्या दुकानात मी रोज ऐकते. पण थोरल्या दिरांसमोर बावीस वर्षांत "चहा ठेवू का?" याच्या पुढे माझी गाडी गेलेली नव्हती.

राखणदाराने हातवारे करून समजावल्यावर दिरांनी कॅमेरा पिशवीत घातला. बसमध्ये म्हणाले, "तुला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलायचं ना गं."

"तुम्ही आधीच ओरडलात."

तिकिटं खिशात ठेवत ते "सरी" म्हणाले.

पुढच्या रविवारी गवताच्या जागी चिखल होता आणि त्यात यंत्र उभं होतं. राखणदार काहीतरी सांगू लागला. दिरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

मी सांगितलं, पाणकोंबडी पलीकडच्या तळ्याकडे गेली, परत येईल की नाही माहीत नाही.

ते त्या दिशेला बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकही फोटो काढला नाही.