पिवळी खूण

गल्लीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. मिसरूड फुटल्यापासून भिंती रंगवत आलेला माणूस. रंगाच्या बाबतीत त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. पांढऱ्यात तो नेहमी निळ्याचे थोडे थेंब टाकायचा, भिंत ताजी दिसते म्हणून. यंदा घरचं स्वयंपाकघर रंगवतानाही टाकले, भिंत त्याला पांढरी दिसेपर्यंत. बायको भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली आणि चहा ठेवायला वळली.

अलीकडे दिव्यांभोवती त्याला धुक्याची कडी दिसायची. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारपासून नव्या शाळेचं काम होतं, उंच शिडीवरचं. डोळ्यांचं नाव काढलं असतं तर बायकोने शिडीच लपवून ठेवली असती.

थंडी सरली होती, झाडांना बारीक कोंब फुटले होते, तसा लेकीने जंगलात जायचा हट्ट धरला. गावाबाहेरचं जंगल ते, वाट सोपी. रविवारी जेवून निघाले, मेहुणाही आला. सुरुवातीलाच पाटी होती. त्याने ती मोठ्याने वाचली: वाटेला पिवळी खूण, तोडायच्या झाडाला पांढरी.

"दाजी सोबत असताना आपल्याला कसली काळजी? रंगाचा माणूस घरातलाच," मेहुणा म्हणाला.

ओढ्यापलीकडे वाट फुटली. उस्ताद डावीकडे वळला.

"बाबा, ही खूण पांढरी आहे," लेक म्हणाली.

"पिवळीच आहे. उन्हाने उडालीय."

"पण बाबा..."

"आता तू मला रंग शिकवणार होय?"

"गप चल गं," मेहुणा हसला. "तुझ्या बापाच्या नखातसुद्धा रंग आहे."

बायकोने एका खुणेवरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मागोमाग चालू लागली.

वाट अरुंद झाली. चिखलात माणसाच्या पावलांऐवजी जड चाकांचे चर होते. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. मेहुण्याचे विनोद केव्हा थांबले ते कळलंच नाही. पुढे उतारावर उस्तादला एक खूण दिसली आणि त्याला हायसं वाटलं. "ती बघ पिवळी. पळ, तिथं थांब. आम्ही आलोच."

लेक पळाली. झाडाला टेकून उभी राहिली.

वारा आला. कर्रर्र असा आवाज झाला, जुनं दार उघडावं तसा. उस्तादने वर पाहिलं. त्याला नुसत्या धूसर फांद्या दिसल्या. बायकोने त्याचं मनगट गच्च धरलं.

"अर्धं कापलंय ते झाड," ती कुजबुजली. "शेजारच्या झाडावर रेललंय. ती त्याच्याखालीच उभी आहे."

मेहुणा पुढे झेपावणार, तोच तिने त्याला हाताने अडवलं. मग पोरीला जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "चिमणे, इकडे ये बरं. माझ्याकडे बघत ये. सावकाश."

"बाबा म्हणाले थांब."

उस्तादने मोकळा हात लेकीकडे पुढे केला. "बाबा चुकले," तो म्हणाला. "ये."

ती आली. ओंडक्यांवरून पाय टाकत, मध्येच बुटाची नाडी बघत. तिचा हात आईच्या हातात आला आणि मागे एक फांदी धाडकन खाली पडली. खोड मात्र तसंच रेललेलं राहिलं. कुणी हललं नाही.

मेहुणा खालीच बसला. "दाजी, खरं सांगा. तुम्हाला ती खूण कशी दिसतेय?"

"पिवळी," उस्ताद म्हणाला. "हल्ली सगळंच पिवळं दिसतं."

आल्या वाटेने ते परत फिरले. प्रत्येक खुणेपाशी तो थांबायचा, लेकीला विचारायचा, "हा कुठला?" ती सांगायची, तेव्हाच तो पाऊल टाकायचा. खरी पिवळी खूण आली तेव्हा तिने त्याचा हात धरून खोडावर ठेवला.

बसथांब्यावर बायको म्हणाली, "उद्याच डॉक्टरकडे."

"आणि शाळा?"

"शाळा कुठं पळून जातेय? शिडी मी माळ्यावर टाकणार आहे."

बस दिसली तसा त्याने विचारलं, "आपलं स्वयंपाकघर... पांढरं नाही झालं ना?"

"निळं झालंय. चांगलं आकाशासारखं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला रंग कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि बसमध्ये चढताना त्याचा हात तिने सोडला नाही.