सरकारी मोबाईलमधले सूर्य

"थांबा, यायलाय," ती वरून म्हणाली.

मी खाली शिडी धरून उभा होतो. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच. तिच्या छतावर ती दोन्ही हातांत सरकारी मोबाईल धरून पूर्वेकडं बघत होती. कोण यायलाय ते ती कधी सांगायची नाही. माझं नाव घ्यायची नाही तसं सूर्याचंही घ्यायची नाही. मी म्हणालो, चहा निवला, उतर आता. तर म्हणे, तुरीवर अजून उजेड पडला नाही. मग तिनं डावा खांदा चोळला. मी बघितलं, पण विचारलं नाही. उलट म्हणालो, पडलीस तर मी उचलणार नाही. ती हसत उतरली, उभ्यानंच चहा प्यायली आणि रजिस्टरं काखेत मारून कामाला गेली.

दुपारी बाराच्या सुमाराला एका लेकराचं वजन करता करता ती तिथंच खाली बसली. तिला उचलून गाडीत घालणाऱ्यांत मी होतो. दवाखाना येईपर्यंत ती राहिली नाही.

तुमच्याही गावात अंगणवाडीची बाई असेल. तिला एकदा नीट बघा. सारं गाव हिला टीचर म्हणायचं, म्हणून मीही टीचरच म्हणायचो. मी चौथी नापास, ही दहावी पास. गाव कर्नाटकात, म्हणून घरात मराठी, रजिस्टरात कन्नड, आणि रागावली की दोन्ही. लेकरं मोजायची, अंडी मोजायची, पोटुशी बाई कोण, कुणाला ताप, कुणाचं मत कुठल्या यादीत, पोलिओचा डोस कुणी चुकवला, सगळं हिच्याच गळ्यात. आम्हाला आमचं लेकरू नाही. पण हिच्या डोक्यात सदा चाळीस लेकरं.

मग सरकारनं मोबाईल दिला. आता तेच सगळं मोबाईलमध्ये भरायचं, वर लेकरांचे फोटो पाठवायचे. हिचे फोटो हललेले यायचे. सुपरवायझर म्हणजे हिच्या वरची बाई. तिनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं. घरी येऊन ही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच छतावर चढली. मी विचारलं, कामून चढलीस? म्हणाली, लेकरं हलत्यात, ह्यो हलत न्हाई, ह्याच्यावर हात बसवते.

हात महिन्याभरात बसला. छतावर चढायचं काही सुटलं नाही.

मी म्हणायचो, रोज तोच सूर्य, कशाला काढायलीस? ती म्हणायची, "भाकर बी रोज तीच असती. खाताय न्हवं?" एकदा मी म्हणालो, मोबाईल सरकारचा हाय, उद्या विचारतील. तेव्हा तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "मोबाईल सरकारचा. ही पंधरा मिनटं माझी." त्यानंतर मी गप शिडी धरायला लागलो. पंधरा मिनिटं झाली की तिचा दिवस रात्री दहापर्यंत दुसऱ्यांचा.

त्याच्या आधीची एक गंमत सांगतो, लाज सोडून. गावात संडास वापरा म्हणून घरोघर सांगत फिरायचं कामही हिच्याकडंच होतं. आमच्या संडासात मी गोवऱ्या रचल्या होत्या आणि स्वतः तांब्या घेऊन शेतात जायचो. एक दिवस हिनं फार सुंदर सूर्य काढला आणि आनंदात कामाच्या ग्रुपवर टाकला, खाली कन्नडमध्ये "शुभोदय" लिहून. साऱ्या तालुक्याच्या बायकांनी बघितला. सुपरवायझरचं उत्तर आलं, सूर्य छान आहे, पण खाली तांब्या घेऊन कोण चाललंय? हिला खोटं बोलता यायचं नाही. हिनं लिहिलं, आमचे मालक.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी गोवऱ्या बाहेर काढल्या.

ती गेली तेव्हा मोबाईल तिच्या पिशवीत होता. पिशवी माझ्याकडं आली. चार्जर लावायचं तेवढं मला येत होतं. लावला की उजेड पडायचा आणि तो नंबर मागायचा. नंबर मला ठाऊक नव्हता. मी नुसता तो उजेड बघत बसायचो. आत तिचे सगळे सूर्य आहेत एवढं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मदतनीस आली. अंगणवाडीत टीचरच्या हाताखाली काम करणारी ही बाई, आता कारभार तिच्याकडं. म्हणाली, मामा, मोबाईल द्या, लेकरांची हजेरी लागंना. मी विचारलं, दिल्यावर आतल्या फोटोंचं काय? ती म्हणाली, पुसत्यात. टीचरचं नाव काढल्याबिगर त्यो दुसऱ्याचं नाव घेत न्हाई.

मी म्हणालो, माझ्याकडं न्हाई मोबाईल.

तेवढ्यात तो वाजला. तुरीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, त्यामुळं घरभर घुमला. आम्ही दोघांनीही डब्याकडं बघितलं नाही. वाजून वाजून थांबला. मदतनीस पदर सावरून उठली आणि गेली. पुन्हा दोनदा आली, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा ती दारातूनच म्हणाली, मामा, हजेरी न्हाई तर अंडी येत न्हाईत. मी दार लावून घेतलं. पण लेकरं अंगणवाडीत यायचीच. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. जेवणाच्या वेळेला मी घरात थांबायचो नाही, शेताकडं जायचो.

आठव्या दिवशी जीप आली. सुपरवायझर स्वतः. तरुण बाई, कन्नड वळणाची मराठी. मला वाटलं पोलिसाची भाषा बोलेल. ती उंबऱ्याशी बसली, मदतनीस तिच्यामागं उभी. "अज्जा," ती म्हणाली, "मला आज नेलंच पाहिजे. भांडू नका माझ्याशी."

मी डबा उघडून मोबाईल काढला, तुरीचे दाणे झटकले, पण हातात दिला नाही. सगळे फोटो मला पाहिजेत म्हणालो. ती म्हणाली, तुमचा मोबाईल बटणांचा, त्यात बसत नाहीत. गावात नेट येतं ते टाकीजवळ, तेही तुटक. एखादा पाठवता येईल. गुलबर्ग्याला ओळखीचा फोटोवाला आहे, तो छापून देईल. "एक निवडा."

मदतनीसला नंबर माहीत होता. तिनं उघडला आणि बोटानं एकेक सरकवायला लागली. लाल सूर्य, पिवळा सूर्य, धुक्यातला, तुरीच्या फुलांवरचा. संपतच नव्हते. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला एकही निवडता येईना. मी म्हणालो, ह्यात ती कुठं हाय?

"मामा, काढायच्या त्याच. त्यांचा कसा येईल?"

ती पुढं सरकवत राहिली. एक आला, ती घाईनं पुढं गेली. मी म्हणालो, मागं घे. अर्ध्या फोटोवर काहीतरी लालसर, धूसर, उजेडानं आतून पेटल्यासारखं. हे काय म्हणून विचारलं. मदतनीस म्हणाली, टीचरचं बोट. चुकून मधी आलंय, खराब हाय ह्यो.

"ह्योच."

सुपरवायझरनं मोबाईल घेतला. टाकीजवळ जाऊन हात वर करून उभी राहिली, बराच वेळ. गेला म्हणाली. मग परत येऊन माझ्यासमोर बसली आणि विचारलं, पुसू? पलीकडं लेकरं कालवा करत होती. मी म्हणालो, पुसा, अंडी येऊ द्या त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी गुलबर्ग्याला निघालो. वाटेत कडगंची गावाच्या पुढं खिडकीतून उन्हं तोंडावर आली, तेव्हा टोपी पुढं ओढली.

फोटोवाल्यानं माझ्यासमोर तो फोटो पडद्यावर मोठा केला. चष्मा वर सारून म्हणाला, अण्णा, बिघडलाय हा, बोट आडवं आलंय, साफ करून देतो. मी काही म्हणायच्या आत त्यानं काहीतरी दाबलं. बोट गेलं. पडद्यावर नुसता सूर्य राहिला.

माझा हात टेबलावर आपटला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

"परत आण."

त्यानं घाबरून पुन्हा दाबलं. बोट आलं.

"सूर्य रोज येतोय," मी म्हणालो. "कापायचा तर त्याला काप. बोटाला हात लावू नको."