तुकोजी फणसे यांचा न लागलेला फोटो

तुकोजी फणसे यांना आपल्या मोठेपणाबद्दल कधीच शंका नव्हती. शंका होती ती बाकी इंदूरच्या स्मरणशक्तीबद्दल. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं लोटली होती, पंच्याहत्तरी उलटली होती, गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारला होता. तरीही अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी आलेला पाहुणा उदय क्रीडा मंडळाच्या खो-खो संघाची कीर्ती ऐकल्याशिवाय सुटत नसे. पाहुणाच कशाला, नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही एकदा हातात पाना धरून जबलपूरचा अंतिम सामना पूर्ण ऐकून गेला होता. नळ मात्र गळतच राहिला.

त्यांच्या पत्नी शारदाबाई लग्न होऊन देवासहून आल्या त्या जबलपूरनंतर. तुकोजींचं मैदान तेव्हा सुटलं होतं आणि नोकरी लागली होती. त्यामुळे "मी धावायला लागलो की लोकांना नुसती धूळ दिसायची" हे वाक्य आलं, की शारदाबाई "हौ, हौ" म्हणत पुढची भाजी निवडायला घेत. नवऱ्यावर त्यांचं प्रेम होतं, पण त्या प्रेमात खो-खोचा वाटा फारसा नव्हता.

तर एका रविवारी मंडळाचा चिटणीस उन्मेष स्कूटरवरून आला. चाळिशीचा, कंपनीत नोकरी करणारा, सदा घाईत असलेला पण मनाचा चांगला माणूस.

"काका, मंडळाचा जुनी इंदूर भागातला हॉल नवीन करून राहिलोय आपण," तो म्हणाला. "त्यात एक पूर्ण भिंत जुन्या खेळाडूंची. मानाची भिंत म्हणायचं ठरलंय. मोठे फोटो, खाली नाव, कामगिरी, एकदम बढिया. सुरुवात तुमच्या संघापासून."

तुकोजी ताठ बसले. या क्षणाची ते जवळजवळ पन्नास वर्षं वाट बघत होते. "अरे भिया, आमच्यासारख्यांचं काय एवढं," असं ते म्हणाले खरे, पण ते अशा सुरात की कुणाचाही त्यावर विश्वास बसू नये. मग सगळी दुपार ते बोलत राहिले आणि उन्मेष मोबाइलवर टिपत राहिला. कोण कसा होता, कोण कुठल्या बाजूनं उठायचा, कुणाचा गुडघा कुणाच्या चुकीनं फुटला. जबलपूर जिंकलेल्या त्या संघातले बाकी सगळे एकेक करून गेले होते. शेवटचा शरद, तो मागच्या पावसाळ्यात गेला. त्या सगळ्यांची माहिती आता एकाच माणसाकडे उरली होती, आणि तो माणूस द्यायला कंटाळणारा नव्हता.

शेवटी तुकोजी आत गेले आणि आपला फोटो घेऊन आले. हाफपँट, रुंद पट्टा, छाती पुढे, नजर थेट कॅमेऱ्यात. उन्मेषनं तो हातात घेतला, पाहिला आणि हळूच टेबलावर ठेवला.

"काका, तुमचा नाही लागणार."

"का? धुरकट दिसतोय का? स्टुडिओत साफ करून देतो ना यार."

"तसं नाही काका." उन्मेषनं खिडकीबाहेर बघितलं. "तुम्ही... म्हणजे, अजून आहात ना."

तुकोजींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. उन्मेषनं घाईघाईनं सांगितलं, की हयात माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही असा मंडळाचा नियम आहे, त्यात त्याचा काही दोष नाही, नियम जुना आहे. नियम कुणी केला, हे तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. तो तुकोजींनीच केला होता.

त्याचं असं झालं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं मंडळाला कूलर भेट दिला आणि त्या कूलरच्या वर आपला सोनेरी चौकटीतला फोटो लागावा अशी इच्छा कळवली. सभेत सगळे एकमेकांकडे बघत बसले. तुकोजी उठले, टेबलावर मूठ आपटली आणि गरजले, "या मंडळात जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर चढणार नाही! ज्याला चढायचं असेल त्यानं आधी मरून दाखवावं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नियम जागच्या जागी मंजूर झाला, कूलर परत गेला आणि त्या मे महिन्यात मंडळाचे सगळे सभासद मोठ्या अभिमानानं घामाघूम झाले. हा किस्साही तुकोजी पाहुण्यांना सांगत असत. त्या रविवारपासून मात्र त्यांनी तो सांगणं बंद केलं.

उन्मेष गेल्यावर शारदाबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर फोटो म्हणजे फिर कोणीतरी हार घालणार, उदबत्ती लावणार. माझ्या डोळ्यांदेखत? मला नाही चालायचं."

"बिगर हाराचा लावा म्हणून सांगतो."

"त्या सगळ्यांना हार आणि मधे तुम्ही एकटे बिगर हाराचे? लोक म्हणतील, यांचा हार विसरले वाटतं."

चहाचा कप तसाच ठेवून तुकोजी म्हणाले, "सगळे आत आहेत शारदा, आणि मी एकटा बाहेर. टीममधून काढल्यासारखं वाटून राहिलंय." त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की शारदाबाईंनी कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून मंडळाच्या अध्यक्षांकडे, लक्ष्मीकांत मास्तरांकडे गेले. मास्तर शाळेत गणित शिकवत असत आणि घरातही ते गणितासारखंच बोलत.

"तो नियम त्या पुढाऱ्यासाठी होता मास्तर," तुकोजी म्हणाले.

"नियमात पुढारी असं म्हटलं नव्हतं तुम्ही. जिवंत माणूस म्हटलं होतं."

"रागात बोललो मी तेव्हा!"

"आणि आम्ही शांतपणे मान्य केलं." मास्तर जरा नरमले. "तुकोजी, मला काय वाईट वाटत नाही का? पण तुमच्यासाठी नियम मोडला, की उद्या तो पुढारी येईल. तो तर अजून जिवंत आहे, आणि आता तर आणखी मोठा झालाय."

हे इतकं खरं होतं की तुकोजी जास्तच संतापले. उद्घाटनाला आपण येणार नाही, भाषण करणार नाही, आणि आपण दिलेली माहितीही परत घेत आहोत, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. सांगितलेली माहिती परत कशी घेतात, हे मास्तरांनी विचारलं नाही. एवढी माया त्यांच्यात होती.

पुढचे काही दिवस शारदाबाईंना जड गेले. तुकोजी फिरायला जाईनात. पेपर उलटा धरल्यासारखा नुसता समोर घेऊन बसत. पोह्यांवर शेव कमी आहे यावरून एकदा चांगलंच वाजलं. एरवी माणूस रागावला की मोठ्यानं बोलतो. हे गप्प होते, आणि ते गप्प राहणं शारदाबाईंना जुन्या भाषणांपेक्षा वाईट वाटू लागलं. एकदा तर त्या स्वतःहून म्हणाल्या, "ते जबलपूरचं काय होतं हो?" तुकोजींनी फक्त हात हलवला.

मग उर्वी आली. शरदची नात, जवळच्या बेटमा गावात एका शाळेत खेळ शिकवणारी. येताना तिनं तिथली माव्याची मिठाई आणली होती. तुकोजींना वाटलं, हिला मास्तरांनीच पाठवलं असणार. पण तिनं भिंतीचं नावच काढलं नाही.

"आजोबा, मला एक सांगा," ती म्हणाली. "आमचे आजोबा कसे खेळायचे? घरात कोणालाच माहीत नाही. आजीला विचारलं तर म्हणते, रोज कोपर फोडून यायचे, बस. मी त्यांना विचारायचं विचारायचं म्हणत राहिले आणि ते गेले."

तुकोजी तिच्याकडे बघत राहिले. तिचं कपाळ थेट शरदचं होतं. "सूर मारायचा तो," ते म्हणाले. "खांबावर. समोरचा गडी खांबाआड सुटला असं सगळ्यांना वाटायचं आणि हा हवेतून यायचा. कोपरं रोज सोलायची. ऑफिसात साहेबाला दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालायचा." बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढला. शरद गेल्यापासून ते त्याच्याबद्दल एवढं कुणाशीच बोलले नव्हते.

"उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवर सांगाल हे?" उर्वीनं विचारलं. "आई येणार आहे. काका येणार आहेत."

तुकोजी हो म्हणाले. उर्वी गेल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजू लागलं. माइक हातात येणारच आहे, तर मंडळाला चार शब्द सुनावूनच खाली उतरायचं. वाक्यही तयार झालं: "माणूस मेल्याशिवाय त्याची किंमत होत नाही, हे उदय मंडळानं आज सिद्ध केलं आहे." न्हाणीघरातून ते वाक्य वेगवेगळ्या चढउतारांत ऐकू येऊ लागलं. शारदाबाईंना ते पसंत नव्हतं, पण नवरा पुन्हा बोलू लागला या आनंदात त्यांनी ते चालू दिलं.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. गेलेल्या खेळाडूंची मुलं, सुना, नातवंडं आली होती. कुणी पुण्याहून, कुणी रतलामहून. पडदा सरकला आणि भिंतीवर आठ फोटो दिसले, आठही हार घातलेले. पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. तुकोजी काठी टेकत स्टेजवर गेले आणि त्यांनी माइक धरला.

ते एकेकाबद्दल सांगत गेले. मारुतीचा "खो" एवढा खणखणीत असे की नदीपलीकडच्या म्हशी माना वर करत. सुधाकर घरी हनुमानाच्या देवळात जातो असं सांगून सरावाला येई आणि परत जाताना आठवणीनं कपाळाला शेंदूर लावून जाई. त्याचा मुलगा, आता स्वतः पन्नाशीला आलेला, हे ऐकून एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. शरदच्या लांब बाह्यांचं सांगितलं तेव्हा उर्वीच्या आईनं तोंडाला पदर लावला. या माणसांना खेळताना पाहिलेलं त्या हॉलमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. लोक पुढे सरकून ऐकत होते, मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. तुकोजींच्या आयुष्यात एवढे चांगले श्रोते कधी लाभले नव्हते, आणि आश्चर्य म्हणजे एवढ्या वेळात त्यांनी स्वतःचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

आठवं नाव संपलं तशी उर्वी उभी राहिली.

"आजोबा, मैदानात तर नऊ जण उतरतात ना? इथे आठच आहेत. नववा कोण?"

उन्मेषनं मान खाली घातली. लक्ष्मीकांत मास्तर चष्मा पुसू लागले. ती संधी तुकोजींच्या समोर पान वाढून ठेवल्यासारखी आली होती. वाक्य ओठांवर होतं, चढउतार पाठ होते.

ते एकदा भिंतीकडे वळले. आठ जण ओळीनं बसले होते. मैदानावर असेच बसत, एक या बाजूला तोंड करून, एक त्या बाजूला, गुडघे मोडून, अंग आवरून. तुकोजींना ते सगळे फार आवडत होते. आपण यांच्यावर रुसलो नव्हतो, आपल्याला यांची आठवण येत होती, हे त्यांना तिथे उभं असताना कळलं.

"आठ जण बसतात, बेटा," ते म्हणाले. "नववा बसत नसतो. खो दिल्याशिवाय त्याला बसायची परवानगीच नाही. त्यानं पळायचं असतं." त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "नववा मी. हे सगळे बसलेत. मी अजून पळून राहिलोय."

आधी मास्तर टाळ्या वाजवत उठले, मग सगळाच हॉल उठला. तयार करून आणलेलं वाक्य तुकोजी साफ विसरले. ते काठी टेकत हळूहळू खाली उतरले आणि शारदाबाईंच्या शेजारी येऊन बसले. शारदाबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचा हात घट्ट धरला, जे त्यांनी लग्नातल्या फोटोखेरीज कधी केलं नव्हतं.

"पळत राहा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण इतक्यात कोणाला खो द्यायची घाई करू नका, ऐकलं का?"