त्यांचं रगत

सुक्या बोंबलांचा वास आला की खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत आलेली उरणजवळच्या मोरा बंदरावरची कोळीण आठवते. तिचा नवरा रक्ताच्या कर्करोगाने नुकताच गेला होता. त्याच्या रक्तातल्या बिघडलेल्या बी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मात्र आमच्या काचेच्या बशीत जिवंत होत्या. त्यांना जगण्याचा संदेश देणारं एन्झाइम बंद पाडणारं नवं औषध मी तपासत होते. “त्यांचं रगत अजून जित्तं हाय?” तिने विचारलं. मी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. डोळा लावून ती पुटपुटली, “अवो, मी हाय हितं.” मग मला म्हणाली, “औषध घाला, पन मी गेल्यावर.” ती गेल्यावर मी औषध घातलं. दोन दिवसांत पेशी मेल्या. सगळ्यांना आनंद झाला. आज तसल्या औषधावर माणसं जगतात, तरी बशीत औषध सोडण्याआधी मी दाराकडे बघते.