बेटाजवळची सुरमई

सोलापुरात ताजी सुरमई क्वचितच मिळते. काल ह्यांनी आणली आणि धुताना त्या खारट वासाबरोबर मला कोकणातली ती होडी आठवली.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आम्ही सगळे एका बेटावर फिरायला गेलो होतो आणि मोठ्या दिरांनी मासे धरायला होडी ठरवली होती. घरात त्यांचाच शब्द चाले. "आपल्या घरातल्या बायका पगार आणत न्हाईत," म्हणून माझी शाळेतली नोकरी त्यांनीच सोडायला लावली होती.

गळाची दोरी सकाळपासून सगळ्यांच्या हातांतून फिरली, पण मासा लागला तो माझ्या हातात. दोरी अशी ओढली गेली की बोटं सोलली. नावाडी ओरडला, "ताई, सोडू नका!" पाण्यात निळसर पाठ चमकली, आणि तेवढ्यात भावजींनी मला बाजूला ढकललं.

"सर तिकडं. हे बायकांचं काम न्हाय." दोरी हिसकावून ते ह्यांना म्हणाले, "फोटो काढ की माझा!"

आमिष कापायची सुरी फळीवर होती. मी ती उचलली आणि त्यांच्या हातापुढची दोरी कापली. भावजी पाठीवर आपटले.

"तुटली की रे!"

"तुटली न्हाय, भावजी. मी कापली."

तेव्हा वाटलं, मी माशासाठी चिडले. आता कळतं, तो राग नोकरीचा होता. तो अजून निवलेला नाही आणि निवावा असं मला वाटतही नाही.

 परतताना गाडीत खिडकीला डोकं टेकून मी सोलापूर येईपर्यंत गाढ झोपले.